पैनगंगेशी शर्यत

लातुराहून माहूर अडीचशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे, आणि मुलांचा पहिला प्रश्न चाकूर येण्याच्या आतच येतो : "माहूर आलं का?"

रेणुका आमची कुलदेवता. दिवाळीच्या सुट्टीत भाड्याची जीप करून आम्ही तिच्या दर्शनाला जातो. वीस वर्षांच्या मास्तरकीने मुलांना गप्प कसे बसवावे हे मला चांगले ठाऊक झाले आहे. पण गप्प मूल वेगळे आणि सुखी मूल वेगळे, हेही त्याच धंद्याने शिकविले. हाती मोबाईल दिला की मूल माहूरपर्यंत मान वर करीत नाही, हे खरे. पण मग त्याला माहुराला नेले असे तरी कसे म्हणावे? पार्सल पोचते केले, इतकेच!

यंदा सोबत भाचा होता, सहा वर्षांचा. चैत्रात माझी धाकटी बहीण वारली, तेव्हापासून तो आमच्याकडेच असतो. आमच्या चार वर्षांच्या कन्येला चिवडा, दशमी, गाणे, भांडण, काहीही चालते. हा मात्र काही मागत नाही. खिडकीशी बसून राहतो. न मागणाऱ्या मुलाला रिझविणे किती अवघड, हे ज्याच्यावर ती वेळ आली त्यालाच माहीत.

अहमदपूर मागे पडल्यावर माळेगावचा माळ लागला. मार्गशीर्षात इथे खंडोबाच्या यात्रेला उंट, घोडे, गाढवे यांचा मोठा बाजार भरतो. दिवाळीत माळ मोकळा. पण त्या नसलेल्या उंटांनी आम्हांला थेट लोह्यापर्यंत पुरविले. ते येतात कुठून, रात्री निजतात कुठे, एका उंटाला भाकरी किती लागतात! (दिसलेला उंट पाच मिनिटांत संपतो, असा माझा अनुभव आहे.) पुढे नांदेडला गोदावरी, अर्धापूरला केळी.

हदगाव सोडून उमरखेडकडे निघाले की पैनगंगेचा पूल येतो. तिथे जीप थांबवून मी मुलांची नदीशी शर्यत लावून दिली. पैनगंगा ही मराठवाड्याची नि विदर्भाची शीव. इथून ती रानातून वळसे घेत जाते, सहस्रकुंडावर उडी घेते आणि माहूरच्या अलीकडे धनोड्याला पुन्हा रस्त्यात भेटते. आपण महागाववरून आडवे जायचे. भाच्याने पळसाचे एक पान पुलावरून खाली सोडले.

"मामा, पान पहिलं येईल का आपण?"

त्या दिवसातला त्याचा हा पहिला प्रश्न.

महागावच्या आसपास आईने आपल्या रीतीप्रमाणे परशुरामाची कथा काढली. मी डोळ्यांनी खुणावले; पण ती सांगू लागली की थांबत नाही. कावडीत एकीकडे बापाचे कलेवर आणि दुसरीकडे आई, असा तो माहुराला आला. आई सती गेली. तो शोक करू लागला, तेव्हा आकाशवाणी झाली : आई डोंगरातून वर येईल, तू मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर निघाला नाही. त्याने पाहिले, तोवर मुखच तेवढे वर आले होते. म्हणून माहुरी मुखाचीच पूजा.

जीपमध्ये कोणी बोलेना. बायकोने कन्येच्या हातात उगीचच दुसरी दशमी दिली.

"थोडं थांबायला पाहिजे होतं त्यानं," भाचा म्हणाला.

"लेकरू होतं रे ते," आई म्हणाली.

"मग बघावंच वाटणार की."

"वाटणारच, बाळा."

तो सरकत तिच्याजवळ आला आणि तिच्या मांडीवर डोके टेकून म्हणाला, "धनोडा आलं की उठव, आजी."

धनोड्याच्या पुलावर तिने त्याला उठविले. कठड्याशी उभा राहून तो बराच वेळ पाणी न्याहाळीत होता.

"आपण जिंकलो!" कन्या ओरडली.

"पान मागं आहे," तो म्हणाला. "येईल. थांबू या का थोडं?"

उन्हे कलली होती, गड अजून चढायचा होता. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. आईने हात वर करून त्याला गप्प केले आणि ती कठड्याशी जाऊन उभी राहिली.