शेऱ्याचा रकाना

माणसाला एखादा नाद असावा, आणि तो शक्यतो स्वस्त असावा. माझा नाद एका दोनशेपानी वहीत मावतो. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची आणि टीव्हीवरच्या मालिकेच्या प्रत्येक भागाची मी नोंद ठेवते. अशा अकरा वह्या आजवर भरल्या. बारावी चालू आहे. आमच्या लोणावळ्याच्या पावसात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, पण या वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कडुनिंबाच्या पाल्यासह बांधून मी तांदळाच्या डब्याशेजारी ठेवते. यावरून घरात त्यांचा मान काय, ते समजावे.

नाद लागला तो वडिलांमुळे. ते रेल्वेत पॉइंट्समन होते. घाट चढून आलेली प्रत्येक गाडी किती वाजून किती मिनिटांनी आली नि गेली, ते स्टेशनमास्तरांच्या टेबलावरच्या नोंदवहीत लिहिले जाई. "वहीत नाही, ती गाडी आलीच नाही," असे बाबा म्हणत. 1988 च्या 2 ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झाले, तेव्हा मी दहा वर्षांची होते. शेजारच्या काकूंकडे दाटीवाटीने बसून पहिला भाग पाहिला आणि घरी येऊन एका पाठकोऱ्या कागदावर रकाने आखले : तारीख, काय पाहिले, कोठे, कोणाबरोबर, शेरा. हे पाच रकाने आजही तसेच आहेत. 'महाभारता'चे भाग एकंदर 94. माझ्या वहीत त्यांतले 81 आहेत. उरलेल्यांपुढे 'वीज गेली', 'काकू गावाला', 'गोवर' अशी कारणे आहेत. एके ठिकाणी नुसतेच 'आई रागावली' असे आहे. का रागावली, ते लिहायचे राहिले.

या पाचांत शेऱ्याचा रकाना माझा सर्वांत लाडका. माझे शिक्षण दहावीच्या पुढे गेले नाही. बालवाडीत शिकवता शिकवता मी कादंबऱ्या लिहू लागले, पण शेरे मारण्याची पदवी मी त्याच्याही कितीतरी आधी स्वतःच स्वतःला देऊन टाकली होती. 'गाणी बरी, नायक बावळट', 'शेवट आधीच कळला', असे शेरे मी परीक्षकाच्या थाटात मारीत आले आहे. आता माझी भाची मोबाइलवर अशीच नोंद ठेवते आणि सिनेमाला पाचांपैकी चांदण्या देते. मला चांदण्यांवर भागवता येत नाही. साडेतीन चांदण्या म्हणजे नायक बावळट की गाणी बरी, हे कळायचे कसे?

हा नाद अगदीच पोरकट नाही, असे मला वाटू लागले ते पी. के. नायर यांच्यामुळे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना 1964 ची; त्याची खरी उभारणी नायरांची. त्यांच्यावरचा 'सेल्युलॉइड मॅन' हा 2012 चा माहितीपट पाहिला, तेव्हा मला कोणी नातेवाईक भेटल्यासारखे झाले. हा गृहस्थ लहानपणी सिनेमाची फाटकी तिकिटे जपून ठेवीत असे, आणि पुढे अंधारात सिनेमा पाहता पाहता वहीत टिपणे करीत असे! फाळक्यांच्या मूकपटांचे अवशेष त्यांनीच नाशिकहून मिळवले. 1991 साली ते निवृत्त झाले, तेव्हा संग्रहालयात बारा हजारांवर चित्रपट जमले होते. पण जमवलेले तरी सारे कोठे टिकते? 2003 च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि पुष्कळ काही गेले. आपल्या मूकपटांतल्या बहुतेकांची आता नावेच तेवढी उरली आहेत, आणि तीही कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवली म्हणून. माहितीपट पाहून आल्यावर मी माझ्या वह्यांना नवी कव्हरे घातली. सिनेमा जाईल, वही राहील, अशा ऐटीत मी होते.

ती ऐट उतरली ती गेल्या आषाढात.

आई 2009 साली गेली. तेव्हापासून बाबा आमच्याकडेच असतात. अलीकडे काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, बाहेर धो धो पाऊस. बाबा कंटाळून म्हणाले, "तुझी ती नोंदवही तरी वाच." मी मेणबत्ती लावून तिसरी वही काढली. वाचता वाचता या ओळीवर आले : '16 ऑक्टोबर 1994. हम आपके हैं कौन. पुणे. बाबांबरोबर. फार म्हणजे फारच छान. बाबा पूर्ण वेळ झोपले. एक तिकीट वाया.'

दहावीचा निकाल लागला जूनमध्ये, पण बक्षीस पदरात पडले ते ऑक्टोबरात, रेल्वेचा बोनस झाल्यावर. धाकट्याला ताप होता म्हणून आई घरी राहिली. बाबा रात्रपाळी करून तसेच माझ्याबरोबर लोकलमध्ये चढले होते.

"झोपलो नव्हतो मी," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही चक्क घोरत होता!"

"सोंग होतं ते. नाहीतर तू कोपरानं ढोसून ढोसून 'बघा ना, बघा ना' केलं असतंस." मग थोडे थांबून ते म्हणाले, "तुझ्या आईला माधुरी फार आवडायची. शिवाय 'सुरभि'तली ती रेणुका शहाणे त्यात आहे म्हणून ती किती दिवस म्हणत होती. ती घरी मिठाच्या पट्ट्या ठेवत बसलेली, आणि मी आधी बघून यायचं? तिच्याबरोबर कोरा बघायचा होता मला."

"मग बघितलात?"

"बघितला की! भाऊबीजेनंतर तुम्ही दोघं मामाकडे होता, तेव्हा. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. तू रुसली असतीस."

त्या रात्री मी सगळ्या वह्यांतला चौथा रकाना चाळला. आईचे नाव 37 वेळा सापडले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी शेरा एकच : 'आई मधूनच उठून गेली.' कुकरची शिटी झाली म्हणून, दूध आले म्हणून, कोणी दार वाजवले म्हणून ती उठत असणार. ते मी लिहिलेले नाही. तिला सिनेमात गोडी नाही, असा निकाल देऊन मी मोकळी झाले होते. एवढेच नव्हे, माझ्या एका कादंबरीतली आई मी याच समजुतीवर रंगवली आहे. कशातही न रमणारी, कोरडी बाई. कादंबरीची आवृत्ती संपली, लोकांना ती आई खरी वाटली. आता ती परत घेता येत नाही.

स्वतः पाहिले तेवढेच वहीत, हा माझा छत्तीस वर्षांचा नियम. दुसऱ्या दिवशी मी तो मोडला. बारावी वही घेऊन बाबांजवळ बसले. तारखेच्या रकान्यात 'नोव्हेंबर 1994, भाऊबीजेनंतर' असे लिहिले, आणि 'कोणाबरोबर'च्या रकान्यात 'आई आणि बाबा'.

"शेरा काय लिहू?"

"लिही, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी नेली होती. वहिनी जिन्यावरून पडते ना, तिथं तुझी आई इतकी रडली, की पुढच्या खुर्चीवरच्या बाईनं मागं वळून पाणी दिलं." मी लिहीत होते, तोच ते पुन्हा म्हणाले, "आणि येताना लोकल लेट होती."

"किती?"

"चाळीस मिनिटं," बाबा चटकन म्हणाले. "मळवलीला उभी करून ठेवली होती. डब्यात आम्ही दोघंच. तेपण लिही."