आम्ही 'एज केस' नाही!

2018 च्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा एका मोठ्या डेव्हलपर कॉन्फरन्सला गेलो. पुण्यातलं एक हॉटेल, दोन दिवस, वेब आणि मोबाईलच्या नव्या तंत्रज्ञानावर भाषणं. तिकिटाचे पैसे कंपनीने भरले होते. स्वतःच्या खिशातून मी तेव्हा गेलो नसतो, हे आधीच सांगून टाकतो.

गळ्यात अडकवायच्या कार्डावर मी फक्त पहिलं नाव दिलं होतं. चहाच्या वेळी शेजारच्याने विचारलं, "आडनाव काय तुमचं?" सांगितलं. "गाव कुठलं?" तेही सांगितलं. तो "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि मोबाईलमध्ये बघू लागला. यात अपमान झाला असं कुणालाही पटवून देता येणार नाही. पण ज्यांनी हे "अच्छा" आयुष्यभर ऐकलंय, त्यांना पटवून द्यायची गरजही नाही.

असो. मी शिकायला गेलो होतो आणि शिकण्यासारखं खूप होतं. अँड्रॉइडसाठी कोटलिन, एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवणारं फ्लटर. पण माझं लक्ष खिळलं ते प्रोग्रेसिव्ह वेब ॲपवर. यात सर्व्हिस वर्कर नावाची एक छोटी स्क्रिप्ट असते. वेबसाइट पहिल्यांदा उघडली की ब्राउझर ती फोनमध्ये ठेवतो. मग ती पान आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसते. नेट गेलं तर साठवून ठेवलेल्या फाइल्स पुढे करते. फॉर्ममध्ये भरलेली माहितीही फोनमध्येच जपून ठेवता येते आणि रेंज आली की पाठवता येते. क्रोममध्ये हे 2015 पासून होतं, ॲपलच्या सफारीत त्याच वर्षी, मार्च 2018 मध्ये आलं होतं.

हे ऐकताना मला माझा मावसभाऊ आठवला. आदल्या वर्षी तो एका पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होता. घरात एकच स्मार्टफोन, रेंज फक्त पत्र्यावर चढल्यावर. पाच-सहा पानांचा फॉर्म, शेवटच्या पानावर नेट जायचं आणि सगळं कोरं. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा त्याने मला फोन केला, "दादा, तू कॉम्प्युटरमधला ना, बघ ना काहीतरी." मी म्हणालो, रात्री ट्राय कर, लोड कमी असतो. शेवटची तारीख निघून गेली. त्या वर्षीची फी मावशीने कानातलं गहाण ठेवून भरली.

म्हणून प्रश्नोत्तरांत मी हात वर केला. विचारलं, "सर, सरकारी फॉर्मसारख्या ठिकाणी हे का वापरत नाहीत? नेट तुटलं तर भरलेला फॉर्म उडू नये, एवढं तर सोपं आहे ना?" वक्ता भला माणूस होता. हसून म्हणाला, सोपं आहे, पण आता जिओ आल्यापासून सगळ्यांकडे फोरजी आहे, तुम्ही म्हणता ती एज केस आहे.

एज केस! आमच्या भाषेत याचा अर्थ असा की क्वचित घडणारी, कडेची गोष्ट, वेळ उरला तर बघू. मित्रांनो, कडेला कोण राहतं? गावाची कड कुठली असते आणि तिथे कुणाची घरं असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या वक्त्यावर माझा राग नाही. त्याने जातीवरून काही म्हटलं नाही, त्याच्या मनातही नसेल. त्याच्या घरी पत्र्यावर चढून कुणी फॉर्म भरलेला नाही, एवढंच. काही जण म्हणतात, तंत्रज्ञानाला जात नसते. खरं आहे, कोडला जात नसते. पण ॲप कुठल्या फोनवर तपासायचं, कुठली चूक आधी दुरुस्त करायची, कुणाला कडेला ठेवायचं, हे माणसं ठरवतात. आणि माणूस ठरवतो तो स्वतः जगलेल्या आयुष्यावरून. म्हणून त्या हॉलमध्ये कोण बसलंय याला महत्त्व आहे.

पण खरी बोच वेगळीच आहे. मी तर त्या हॉलमध्ये होतो! त्याआधी दोन वर्षं नोकरीत होतो. आमच्याच एका ॲपबद्दल तक्रार आली होती की स्वस्त फोनवर फॉर्म अडकतो. मी त्यावर 'लो प्रायॉरिटी' लिहून ती बंद केली होती. टीममध्ये वेगळं दिसायला नको होतं. कार्डावर आडनाव टाळणारा मी आणि तक्रार बंद करणारा मी, दोन्ही एकच. नुसता आपला माणूस आत जाऊन भागत नाही, त्याने आत तोंडही उघडलं पाहिजे.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढला. आपलं म्हणणं दुसरा छापेल याची वाट त्यांनी पाहिली नाही. आज फॉर्म, परीक्षा, रेशन, मजुरी सगळं स्क्रीनवर आलंय. मग ती स्क्रीन बनवणं हेही चळवळीचं काम नाही का?

कॉन्फरन्सहून आल्यावर ती बंद केलेली तक्रार मी पुन्हा उघडली. माहिती फोनमध्ये जपण्याचा कोड लिहायला दोन दिवस लागले. फक्त दोन दिवस! मॅनेजरने कारण विचारलं तेव्हा मावसभावाची गोष्ट सांगितली, कुणाचा भाऊ तेही सांगितलं.

तेव्हा आयटीत असलेल्या भावाबहिणींना एवढंच सांगणं आहे. आपलं ॲप सर्वांत स्वस्त फोनवर आणि मुद्दाम मंद केलेल्या नेटवर तपासा, क्रोममध्ये त्याची सोय आहे. भरलेलं उडू देऊ नका. मराठी युनिकोडमध्येच टाका, चित्र करून नको, म्हणजे शोधता येईल. आणि अशा कार्यक्रमांना जा, अनेक मेळावे फुकट असतात, येताना वस्तीतल्या एका पोराला किंवा पोरीला सोबत आणा.

कार्डावर मात्र पूर्ण नाव लिहा. मी आता लिहितो.

जय भीम!