फणसाचे चार वाडगे

घराच्या वाटणीचे कागद तयार होत होते, त्याच आषाढात परसातला फणस कोसळला. आम्हां चार भावंडांच्या हिश्श्यांची रेघ नेमकी त्याच्या बुंध्याशी येत होती. गोव्यात उभे झाड तोडावयाचे तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये परवानगी लागते. येथे वाऱ्यानेच निकाल दिला.

लाकडाचा व्यापारी भाव सांगून गेला. दादा म्हणाले, "पैसे करावे आणि चौघांनी वाटून घ्यावे." हिशेबाला ते सरळ होते. परंतु याच फणसाचे गरे देवापुढे ठेवल्यावाचून आईने आम्हांला कधी दिले नव्हते. त्याचे काही तरी प्रत्येक घरात राहावे, म्हणून मी कुंकळ्ळीकडील एका वृद्ध चिताऱ्यांना घेऊन आलो.

त्यांनी खोडावर ठिकठिकाणी ठोकून पाहिले. बोदा आवाज आला तो भाग बाजूला काढला. फांद्यांच्या बेचक्यातील पिळाचे लाकूडही नाकारले. मृदंगाचे खोड ज्या फणसाचे करतात, त्याचे पिवळेधमक अंग उघडे पडले. मग ते म्हणाले, "ओंडका गाभ्यातून मधोमध चिरा. अखंड ठेवाल तर फुटेल."

कारण साधे आहे. वाळताना लाकूड गाभ्याकडून सालीकडे जितके आकसते, त्याच्या सुमारे दुप्पट घेराच्या दिशेने आकसते. गाभा मध्ये अडकून राहिला, की हा ताण भेगेवाटे बाहेर पडतो. दुभंगलेल्या ओंडक्याला आकसण्यास वाव मिळतो.

मला ते पटले नाही. येत्या चतुर्थीला वाडगा हवा होता, आणि मधोमध गाभा असलेली चकती मला सुंदर वाटली. माझ्या हट्टापायी त्यांनी त्या ओल्या चकतीचा वाडगा कातून दिला. चतुर्थीपूर्वीच तळापासून काठापर्यंत चीर गेली.

उरलेले तीन त्यांनी चिरलेल्या अर्धुकांतून, गाभा टाळून कातले. तेही प्रथम जाडच. दहा इंचांच्या वाडग्याला एक इंचाची भिंत ठेवून ते गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले. दर महिन्याला आम्ही वजन करीत असू. वजन उतरावयाचे थांबले, तेव्हा ते पुन्हा कातून त्यांवर मधमाशांचे मेण चढविले.

पुढल्या चतुर्थीस वाटणी होऊन गेली होती. तिघे आपापल्या घरून वाडगाभर फुले घेऊन मूळ घरी, गणपतीपुढे आली. पिवळा रंग आता तपकिरीकडे झुकला होता. तिन्ही वाडगे किंचित लंबगोल, पण धड होते.

वाटणीने घर फुटते, असे मी वर्षभर मनात धरून होतो. दादांनी माझा चिरलेला वाडगा उचलला, चिरेवरून अंगठा फिरविला आणि काही न बोलता त्यात दूर्वा ठेवल्या.