फरशी कोरडी, तर घर निर्धास्त

आमच्या घरी सासूबाई आणि सासरे, दोघंही पंच्याहत्तरी ओलांडलेले. सासऱ्यांना जुना मधुमेह. तळपायांची जाणीव इतकी कमी झालीय की पायाखाली ओल आहे हे त्यांना उभं राहूनही कळत नाही. सासूबाई अंघोळीआधी गुडघ्यांना तिळाचं तेल चोळतात. त्यात सोसायटीला पाणी बोअरचं, जड.

या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण यांचा चिकट साका होतो, त्यात तेल मिसळतं. बाथरूमच्या कोरड्या फरशीवर हा थर नजरेला दिसत नाही, पाणी पडलं की बुळबुळतो. अंघोळीच्या स्टुलाच्या पायांभोवती नख फिरवलं तर मेणासारखी वळी निघते.

यावर जो तो सांगतो, ‘ॲसिड टाक.’ मी ते घरात येऊ देत नाही. त्याची वाफ घशाला आणि डोळ्यांना झोंबते. टाइल्सच्या सांध्यांमधलं सिमेंट ते खातं आणि त्या खाचांत घाण जास्तच बसते. शहाबादी फरशी तर चुनखडीची, ती सरळ झिजते. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो. कोंदट बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

दुपारी दोघं आडवी झाली की मी कामाला लागते. हातमोजे घालून धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवते, फरशीवर ओतते, थोडा वेळ मुरू देते आणि कडक ब्रशने जाळीच्या दिशेने घासते. मग भरपूर साधं पाणी. सोड्याचा किंवा फिनाईलचा अंश राहिला तर त्यावरूनही पाय सरकतो. रबरी मॅट उलटी करून तिच्या खालच्या वाट्या घासते, कारण साका तिथेच साचतो. शेवटी वायपर, वर कोरडं फडकं, आणि खिडकी सताड उघडी.

तोवर दारात प्लास्टिकची खुर्ची आडवी असते. सासरे विचारतात, “झालं का गं धुऊन? जाऊ?” मी म्हणते, “थांबा बाबा, अजून ओल आहे.”

बाथरूमच्या भिंतीत धरायला दांडा बसवायचं ठरलं तेव्हा मात्र ते रागावले होते. “मी काय पांगळा झालोय?” सासूबाई म्हणाल्या, “तुम्हाला नको तर राहू दे, मला हवाय.” आता दोघंही तो धरूनच उठतात.

म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन करूनही माणूस पुष्कळदा पहिल्यासारखा चालत नाही. म्हणून घरात वडीलधारी माणसं असतील तर दोन गोष्टी आजच करा. टॉवेलचा रॉड धरून ती उठत असतील तर तिथे भिंतीत पक्का बसवलेला दांडा लावून घ्या. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलण्यासाठी नसतो. आणि बाथरूम धुतल्यावर फरशी पुसून कोरडी केल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका.