हिवऱ्याला घर बांधायचंय... पण कधी?

पुण्यात घर घेणं किती सोपं असतं! रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायचा, बिल्डरची कॉफी प्यायची, बुकिंगचे पैसे भरायचे आणि पझेशनची वाट बघत बसायचं. काम कधी सुरू करायचं, हे टेन्शन बिल्डरचं. आपल्याला फक्त ईएमआय माहीत.

त्यामुळे बाबांनी फोनवर 'घर कधी सुरू करायचं ते एकदाचं ठरव' असं सांगितलं, तेव्हा मी शहाण्यासारखी एक्सेल शीट उघडली. धाकट्या भावाचा फंडा तर आणखी सोपा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला ना, मग थांबायचं कशाला? माझं शेड्यूल तयार झालं. दिवाळीनंतर पाया, मार्चमध्ये भिंती, एप्रिलअखेर स्लॅब आणि मृगाच्या आत गृहप्रवेश. सॉलिड! फक्त जागेवर जाऊन ते सगळ्यांना सांगायचं बाकी होतं.

आमचं गाव हिवरा आश्रम. बुलढाणा जिल्हा, तालुका मेहकर. पूर्वी पुण्याहून निघालं की कंबरेचे हाल व्हायचे. आता छत्रपती संभाजीनगरपाशी समृद्धी महामार्ग पकडायचा आणि मेहकरला उतरायचं. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांना अचानक गावच्या जागेची आठवण आली. (त्यात मीही आहे, लपवण्यात अर्थ नाही.)

मेहकरला चहासाठी थांबलात तर कंचनीचा महाल बघून घ्या. दंतकथा अशी की कंचनी नावाच्या नर्तकीला तिथून थेट लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसेल एवढा उंच, सात मजली महाल हवा होता. देवी कोपली आणि काम अर्धवट राहिलं. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या एका संग्रहाला याच महालाचं नाव आहे. मी मात्र त्या अर्धवट भिंतींकडे बघून वेगळाच विचार करत होतो : व्ह्यूसाठी मजले वाढवले आणि प्रोजेक्ट रखडलं! गंमत वाटली खरी. पण संध्याकाळपर्यंतच.

हिवऱ्याची ओळख म्हणजे शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम. पौष महिन्यात तिथे विवेकानंदांचा जन्मोत्सव होतो. शेतात माणसांच्या रांगाच रांगा जेवायला बसतात, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. एकदा तरी त्या पंगतीत बसाच. मात्र त्या दिवसांत गवंडी कामावर येईल अशी आशा ठेवू नका. अर्धं गाव वाढायला असतं, उरलेलं जेवायला. माझ्या शेड्यूलमध्ये हा आठवडा नव्हताच.

बाबा अजून धाब्याच्या जुन्या घरात राहतात. मातीच्या जाड भिंती, लाकडी सरं, वर मातीचं छत. उन्हाळ्यात एसीची आठवण येत नाही, पण दर पावसाळ्याआधी वर माती टाकावी लागते आणि ती टाकणारी माणसं आता मिळत नाहीत. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची मागची भिंत बसली. बाबा चौऱ्याहत्तरचे. वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. पुण्याला यायला तयार नाहीत. नव्या घराचा प्लॅन त्यांनी स्वतःच कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं काढलाय : पूर्वेला ओटा, ओट्याला लागून त्यांची खोली, खोलीत बाज मावलीच पाहिजे. आर्किटेक्टला दाखवला तर हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, 'काकांनी जिना विसरला फक्त.'

जागा गावठाणातली, हे आमचं नशीब. शेतात बंगल्याचं स्वप्न बघणाऱ्यांनी आधी तलाठ्याला भेटावं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला बिगरशेतीसाठी सवलतीची वाट आहे, त्यापलीकडे कागदांचा प्रवास वेगळा. आणि कागद व्हायच्या आधी कुदळ मारू नका, एवढं तरी ऐका.

संध्याकाळी मिस्त्रीकाका आले. यांनी गावातली निम्मी घरं बांधलीत. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

'दादा, जागा मे महिन्यात पाह्यली काय?'

'नाही.'

'मंग भर पावसात?'

'नाही.'

'मंग घाई कायची करता?'

मग त्यांनी प्लॉटच्या कोपऱ्यातला खड्डा दाखवला. बाबांनी तो आधीच खणून ठेवला होता. वर काळी माती, खाली मुरूम. ही काळी माती कपाशीला, सोयाबीनला सोनं आहे, पण घराला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकवलेली भिंत तिच्याबरोबर वर-खाली होते आणि मग दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात. म्हणून पाया काळी ओलांडून मुरमात गेलाच पाहिजे आणि जोत्यात भराव मुरमाचा हवा, खणलेली काळी माती परत आत ढकलायची नाही. त्या भरावावर चांगलं पाणी मारा, धुमस करा, आणि एक पावसाळा त्याला खाऊ द्या. जिथे बसायचं तिथे बसेल. मग भिंती.

'म्हणजे वर्ष गेलं?' मी विचारलं.

'जाते ना. पन घर ऱ्हायते.'

मग माझ्या एप्रिलच्या स्लॅबची पाळी आली. स्लॅब टाकला की हल्ली मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस सतत पाणी लागतं. वर वाफे करून पाणी साठवायचं, कॉलमला ओलं बारदान गुंडाळायचं. एप्रिल-मेमध्ये इथे प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायची वेळ येते, तेव्हा स्लॅबला कोण पाजणार? अक्षय तृतीयेला मुहूर्त बघावा लागत नाही हे खरं, पण विहिरीत डोकावून बघावं लागतं. तुलसी लग्नानंतर विहिरींना पाणी असतं, सोयाबीन घरात आलेलं असतं आणि हरभरा पेरून माणसं मोकळी होतात. वीटभट्ट्याही त्यानंतरच पेटतात. रेतीचं म्हणाल तर १० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद. पावसाळ्यात ब्रासचा भाव विचारायचाही नाही, छातीत धडकी भरते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे मला त्या संध्याकाळी कळलं. जीएसटीत वाचलेले पैसे रेतीत जाऊ शकतात, हे भावाला कळवलंय. त्याचा रिप्लाय आलेला नाही.

मिस्त्रीकाका गेल्यावर मी आणि बाबा ओसरीत बसलो. डोक्यातलं बोलायची हिंमत होईना. वर्षभर थांबायचं ते कुणाच्या भरवशावर? भिंत एक पडलीच आहे. डॉक्टरांची पुढची तारीख मार्चमध्ये. शेवटी म्हटलं, 'बाबा, पैसे जास्त लागू देत. टँकर लावू, पुण्याहून कॉन्ट्रॅक्टर आणू, जूनपर्यंत उभं करू. तुमच्यासाठीच बांधतोय ना आपण?'

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'माझ्यासाठी बांधतोस तर चिरा पडलेलं कशाला बांधतोस?'

मी काहीच बोललो नाही.

'या मार्गशीर्षात जोतं कर. स्वयंपाकघराची भिंत मी लिंपून घेतो. पावसाळा त्या भिंतीत काढू. आणि संध्याकाळी जोत्यावर खुर्ची टाकून बसता येते की. भिंती कशाला लागतात बसायला?'

सकाळी उठलो तेव्हा ते प्लॉटवर होते. हातात फक्कीचा डबा. ओट्याची रेघ मारून झाली होती. मला बघून म्हणाले, 'तिकडं उभा राहा, बाजेच्या पायथ्याशी,' आणि माझ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजायला लागले. एक पाऊल कमी पडलं. रेघ पुसून त्यांनी बाहेर सरकवली.