पाटाच्या पाण्याला आलेले पाहुणे

मैत्रिणींनो, सुट्टी जवळ आली की "यंदा कुठं जायचं?" हा प्रश्न घरोघर निघतो. महाबळेश्वर, माथेरान, नाहीतर कोकण, ही आपली ठरलेली उत्तरं. पण हल्ली पुण्या-मुंबईची मंडळी आमच्या बारामतीकडं चक्क शेतावर राहायला येतात. बैलगाडीत बसतात, गुऱ्हाळावर काकवी चाखतात आणि पाटाकाठी उभं राहून म्हणतात, "किती निवांत आहे हो इथं!" उद्या तुम्हीही याल, म्हणून या निवांतपणाची हकीकत सांगते.

माझं माहेर सुप्याकडचं, सासर पणदऱ्याचं. तालुका एकच, पण माहेर जिराईत आणि सासर बागाईत. माहेरी हंडाभर पाणी दिवसभर पुरवायचं, आणि इथं पाट भरून वाहतोय! पहिले काही दिवस मी धुणं सोडून नुसती पाण्याकडं बघत बसायची. सासूबाई हसायच्या.

हे पाणी सुखासुखी आलेलं नाही बरं का. 1876-77 च्या दुष्काळानं हा मुलूख पार होरपळला. त्यानंतर इंग्रज सरकारनं नीरा डावा कालवा काढला आणि 1885 च्या सुमारास त्यातून पाणी खेळू लागलं. भोरजवळच्या भाटघर धरणाचं पाणी नदीतून वीरला यायचं नि तिथून कालव्यानं पुरंदर, बारामती, इंदापूरकडं जायचं. 1928 साली भाटघरला नवं, मोठं धरण झालं. मग ऊस वाढला, गुऱ्हाळं लागली आणि पुढं माळेगावला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. घरं पक्की झाली, मुलं शिकली. पण पाणी हवं तसं सोडल्यानं कित्येक जमिनी चोपणही झाल्या, हेही सांगायला हवं.

माझी नणंद इंदापूरकडं दिलीय, कालव्याच्या शेवटाला. उन्हाळ्यात आवर्तन लांबलं की ती म्हणते, "वहिनी, तुमच्याकडं पाहुणे पाटात डुंबतात, आमच्याकडं उभा ऊस वाळतो." काय उत्तर देणार? पाट एकच, पण वरच्याचं सुख नि खालच्याची काळजी एकाच पाण्यात वाहते.

2005 साली पांडुरंग तावरे यांनी तालुक्यातल्या पळशीवाडीला कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला. 2020 साली राज्य सरकारनं त्यासाठी धोरणही केलं. गंमत अशी, की पाहुण्यांना थंडीत हुरडा हवा असतो, आणि हुरडा ज्वारीचा! उसाच्या गावाला तो जिराईत भावकीकडून आणावा लागतो. ज्या माहेरच्या रानाला कुणी विचारत नव्हतं, त्याच्या कणसांना आता मान आलाय.

पण बायांनो, वीस माणसांच्या भाकरी थापतं कोण? पिठलं, ठेचा, वांग्याचं भरीत करतं कोण? बाईच ना! घरचे पाहुणे असले तर आपण हिशेब मांडत नाही. हे मात्र पैसे देऊन आलेले पाहुणे. तेव्हा त्यातला वाटा बाईच्या हातात, तिच्या नावच्या खात्यात पडायला हवा. आमच्या घरी यावर थोडी धुसफूस झाली, पण मी हट्ट सोडला नाही. आता महिन्याचा हिशेब मीच लिहिते.

तुम्ही आलात तर एवढं पाळा. मुलांना कालव्यात उतरू देऊ नका. वरून संथ दिसलं तरी पाण्याला ओढ असते आणि काठ निसरडे असतात. पाटात साबण, प्लॅस्टिक टाकू नका, खाली कुणीतरी तेच पाणी वापरतं. अंघोळीला बादली घ्या, नळ मोकळा सोडू नका. आणि जेवण झाल्यावर चुलीपाशी येऊन त्या बाईशी दोन शब्द बोला. भाकरी कशी थापायची ते ती शिकवील, आणि निघताना हुरड्याबरोबर खायला शेंगदाण्याची चटणीही बांधून देईल.