पिकअपवाल्याला नावे ठेवण्याआधी

पिकअपवाला म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मोठ्याने लावलेली गाणी, कर्कश हॉर्न, तोंडात तंबाखू आणि सुसाट गाडी. माझेही मत असेच होते. म्हणून गावातल्या एका कष्टाळू मुलाचे स्थळ पुतणीला आले, तेव्हा "ड्रायव्हरला मुलगी द्यायची नाही," असे मीच म्हणालो.

२००५ साली 'छोटा हत्ती' आला, पुढे पिकअप वाढल्या आणि आमच्या जुन्नर भागातल्या लहान शेतकऱ्याची सोय झाली. चार क्रेट असोत की चाळीस, माल रातोरात वाशीला पोचतो.

गेल्या पावसाळ्यात माझे साठ क्रेट टोमॅटो घेऊन तोच मुलगा निघाला. मीही सोबत बसलो. माळशेज घाटात धुक्याने रस्ता दिसेना. त्याने गाणी बंद केली, काच खाली घेतली आणि प्रत्येक वळणावर हॉर्न देत गाडी अलगद उतरवली. हाच तो कर्कश हॉर्न! घाट उतरल्यावर पुन्हा गाणी लागली. "झोप लागू नये म्हणून लावतो, काका," तो म्हणाला.

पुतणी दुसरीकडे सुखात नांदते आहे. त्या मुलाला मात्र अजून नकारच येतात. त्यांतला पहिला माझा होता, हे मला सलते.

बेफाम हाकणारे आहेतच. त्यांना जरूर टोका. पण सोयरीक जुळवताना गाडी नव्हे, माणूस पाहा.